जून 1972ची हजेरी

विंचूरला तीन पाटी म्हणून जागा आहे. नाशिकहून आलेला रस्ता इथून सरळ येवला-वैजापूरकडे जातो आणि डाव्या हाताला जो फुटतो तो लासलगाव, चांदवड, देवळा, सटाणा करत थेट तापीकाठच्या प्रकाशाला पोचतो. कांद्याचे भाव पडले की रास्ता रोको इथंच होतो, त्यामुळे पेपर वाचणाऱ्यांना नाव ओळखीचं असेल. आमच्या बोर्डिंगमधल्या मुलांनी एकत्र यायचं तर जिल्ह्यात याहून सोयीची जागा नाही, हे देवळ्याने आधी ठरवून टाकलं आणि मग मला फोन केला. माझं घर तीन पाटीपासून लासलगाव रस्त्याला, चालत जाण्याएवढ्या अंतरावर. जानेवारीत उन्हाळ कांद्याची चाळ रिकामी असते, तिच्यासमोरच्या खळ्यात मांडव टाकला की काम झालं. मी लगेच हो म्हणालो.

देवळा म्हणजे देवळ्याचा मुलगा. बोर्डिंगमध्ये आडनावापेक्षा गावाने हाक मारायची रीत होती. मी विंचूर. कुणी सटाणा, कुणी पिंपळगाव, कुणी नांदगाव. एका गावचे दोघे निघाले तर थोरला आणि धाकटा. पुढे त्यांतले काही सरकारी नोकरीत मोठ्या खुर्चीवर बसले, काही एसटीत कंडक्टर झाले, काहींनी द्राक्षबागा लावल्या, मी शाळामास्तर झालो. पण आजही फोन उचलला की सुरुवात ‘बोल रे विंचूर’ अशीच होते आणि मला ती फार आवडते.

देवळ्याने घर पाडून नवं बांधायला घेतलं तेव्हा माळ्यावर त्याची पत्र्याची पेटी सापडली. तिच्यात एक वही होती. त्या काळी बोर्डिंगमध्ये मुलांचं मंत्रिमंडळ असायचं. स्वच्छतामंत्री, आरोग्यमंत्री, प्रार्थनामंत्री. देवळा भोजनमंत्री होता. रोज सकाळ-संध्याकाळ किती ताटं लागणार ते मोजून आचारीमामांना सांगायचं, त्याप्रमाणे पीठ काढून द्यायचं आणि वहीत मांडायचं, हे त्याचं काम. वहीच्या पहिल्या पानावर जून 1972 मध्ये आठवीला दाखल झालेल्या मुलांची नावं होती, पुढं गाव, आणि त्यापुढे प्रत्येक महिन्याचा रकाना. जेवायला आहे त्याच्यापुढे बरोबरची खूण. गेला त्याच्यापुढे आडवी रेघ.

वर्ष कोणतं आहे ते बघितलं म्हणजे त्या रेघांचा अर्थ कळतो.

1972चा पाऊस आलाच नाही. त्याआधीची दोन वर्षंही ओढगस्तीचीच गेली होती. आमच्या निफाड तालुक्याला निदान गोदावरी-कादवेचा काठ आहे, नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे. येवल्याचा पूर्वभाग, नांदगाव, सिन्नर, चांदवड इथं मात्र विहिरींचे तळ दिसले. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी मिळायला लागली, तिला सगळे मिलो म्हणायचे. आमच्या बोर्डिंगच्या स्वयंपाकघरातही तीच आली. तिची भाकरी थापताना फाटायची. आचारीमामा गरम पाण्याची उकड काढून कशीबशी वळायचे आणि तव्यावरून उतरली की लगेच खा म्हणायचे, कारण गार झाली की ती दातांना दाद द्यायची नाही. सोबत तुरीची पातळ आमटी. मामांनी तक्रार केलेली मला आठवत नाही. त्यांच्या घरीही तेच धान्य होतं.

आम्ही आणखी एका गोष्टीचे पहिले ठरलो. दहा अधिक दोनचा नवा आकृतिबंध राज्यात आठवीला आला तो त्याच वर्षी. जुनी मुलं अकरावी मॅट्रिक देणार, आम्ही दहावी. मार्च 1975 मध्ये दोन्ही परीक्षा एकाच वेळी झाल्या, आमच्यापेक्षा एक वर्ष पुढे असलेली मुलं आणि आम्ही एकदमच बाहेर पडलो. गणितात संच नावाचं प्रकरण आलं होतं. आमचे गणिताचे सर रात्री बोर्डिंगच्या व्हरांड्यात कंदील घेऊन स्वतः ती उदाहरणं सोडवत बसायचे आणि सकाळी आम्हाला शिकवायचे. लाज न बाळगता ते आम्हाला सांगायचे, की हे मीही कालच शिकलो. मास्तरकीच्या सगळ्या नोकरीत मी त्यांना धरून राहिलो.

बोर्डिंग ही आमच्या भागात फार जुनी आणि फार मोठी गोष्ट आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 पासून वसतिगृहं काढायला सुरुवात केली. त्यांच्याच प्रेरणेने नाशिकला 1914 मध्ये उदोजी महाराज मराठा बोर्डिंग उभं राहिलं आणि जिल्ह्यातल्या खेड्यांतली पोरं शहरात राहून शिकू लागली. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारं बोर्डिंग काढलं, 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. तिथं एकदा धान्य संपलं तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, ही हकिकत आमच्या रेक्टरांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली होती, की आम्हाला ती आमच्याच स्वयंपाकघरात घडल्यासारखी वाटायची. कर्मवीरांचा मुष्टिफंड तर प्रसिद्धच आहे. दळायला बसलेली बाई जात्यात घालण्याआधी एक मूठ बाजूला काढून ठेवायची, ती गोळा करून मुलं जेवायची. शिक्षणाचा इतिहास लिहिणारे शाळांच्या इमारती आणि निकाल मोजतात. खेड्यातल्या पोराच्या शिक्षणाचा खरा हिशोब पिठाचा आहे असं माझं ठाम मत आहे, आणि ते त्या वर्षाने बनवलं.

माझ्या घरून आठवड्याला डबा यायचा. दर गुरुवारी वडील तीन पाटीवर उभे राहायचे आणि येवल्याकडून येणाऱ्या सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे डबा द्यायचे. अॅल्युमिनियमचा कडीचा डबा, झाकणावर ऑईलपेंटने माझं नाव आणि खाली ‘विंचूर’. शाळा सुटली की मी नाशिकच्या स्टँडवर जाऊन चौकशी खिडकीपाशी तो घ्यायचो. आत दशम्या, शेंगदाण्याची नाहीतर कारळाची चटणी, कधी भाजलेले बिबडे. त्या वर्षी दशम्या पातळ झाल्या आणि कमी झाल्या, पण एसटी आणि डबा चुकला नाही. दुष्काळात ज्या घरातून डबा येऊ शकत होता त्या घरातला मी होतो, हे तेव्हा पूर्ण कळलं नव्हतं. आता कळतं.

डबा खोलीत आला की तो माझा राहायचा नाही. रेक्टरांचा तसा नियम नव्हता, मुलांचाच होता. सतरंजीवर वर्तमानपत्र पसरायचं, डबा मधे ठेवायचा, ज्याच्या घरून काही आलं नाही त्याने आधी हात घालायचा. सटाण्याच्या घरून आलेल्या गुळाचा खडा आम्ही दाराच्या फटीत धरून फोडायचो. पेठेकडचा एक मुलगा होता, तो नागलीच्या भाकरीचा तुकडा काढायचा आणि आम्ही मिलोपेक्षा ती किती मऊ आहे यावर वाद घालायचो.

जानेवारीतल्या त्या रविवारी सकाळी कडाक्याची थंडी होती. निफाड तालुक्याची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात बातमीत येतो. पहाटेपासून खळ्यात शेकोटी पेटवली होती. सटाणा आणि देवळा एकाच गाडीतून आले, येताना हुरडा घेऊन. पिंपळगावने द्राक्षाच्या क्रेट आणल्या, हंगाम नुकताच सुरू होत होता. नाशिकहून पाचजण एसटीनेच आले, तसं त्यांनी मुद्दाम ठरवलं होतं. तीन पाटीवर उतरल्यावर त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं, तुझे वडील नेमके कुठं उभे राहायचे रे? मी दाखवलं. आता तिथं मोबाईलचं दुकान आहे. तो तिथं थोडा वेळ उभा राहिला, मग म्हणाला, ‘त्या डब्यातली कारळाची चटणी मी तुझ्यापेक्षा जास्त खाल्ली आहे.’ ते खरंच आहे.

मग गप्पांना बांध उरला नाही. पहाटे पाचची घंटा कोण वाजवायचं आणि तिचा लोळा कुणी लपवला होता. हिवाळ्यात गोदावरीवर अंघोळीला नेत तेव्हा पाण्याला हात लावून परत येणारे कोण. ‘एकटा जीव सदाशिव’ बघायला भिंतीवरून गेलेले तिघे परत आले तेव्हा रेक्टर दारातच खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी विचारलं ते एवढंच, की पिक्चर चांगला होता का. मारलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या बोर्डिंगसमोर त्या तिघांना दादा कोंडक्यांची नक्कल करायला लावली आणि स्वतः पोट धरून हसले. त्यातला एक आता नाही. त्याची नक्कल बाकीच्या दोघांनी मिळून करून दाखवली. बुधवारी रात्री बिनाका गीतमाला ऐकायला समोरच्या चाळीतल्या एका घराच्या खिडकीखाली आम्ही ओळीने उभे राहायचो आणि त्या घरातल्या काकू रेडिओ खिडकीत आणून ठेवायच्या. त्यांचं नाव आम्हाला तेव्हाही माहीत नव्हतं.

माझी बायको भाकरी थापता थापता हे ऐकत होती. तिने मधेच सटाण्याला विचारलं, ‘भाऊजी, तुम्ही सगळे सारखे खाण्याचंच काय बोलताय?’ सटाणा म्हणाला, ‘वहिनी, दुसरं बोलायला होतं काय आमच्याकडे?’ आणि दोघंही हसले.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला घेतलं तिच्याकडे येतो.

सुरुवातीला पिंपळगावने जो बॅनर करायला दिला होता त्यावर ‘दहावी 1975, पहिली तुकडी, सुवर्णमहोत्सवी मेळावा’ असं होतं. छानच होतं. पण देवळ्याने वही उघडून आम्हाला फोटो पाठवले आणि विचारलं, की आपण कुणाला बोलावतोय? वहीतल्या नावांतली कितीतरी मार्च 1975 पर्यंत पोचलीच नव्हती. दिवाळीनंतर रेघा सुरू झाल्या होत्या, संक्रांतीनंतर वाढल्या. होळीपर्यंत दोन पंगतींची एक पंगत झाली. ती मुलं नापास झाली नव्हती. ती घरी गेली होती. पन्नास वर्षं आम्ही जेव्हा जेव्हा ‘आपली बॅच’ म्हणालो तेव्हा ती त्यात नव्हती, कारण शाळेच्या निकालपत्रकात ती नाहीत.

पिंपळगावचं म्हणणं होतं, की सुवर्णमहोत्सव परीक्षेचाच असतो, दुसरी तारीख कुठून आणायची. त्यातही तथ्य होतं. शेवटी देवळ्याने निर्णय दिला, भोजनमंत्र्याचाच दिला म्हणा ना. ज्याचं ताट एकदा आपल्या पंगतीत लागलं तो आपला. बॅनर बदलला. ‘जून 1972’ एवढंच लिहिलं आणि खाली बोर्डिंगचं नाव. मग शोध सुरू झाला. कुणाचं फक्त गाव माहीत, कुणाचं वडिलांचं नाव. येवल्यातला आमचा एकजण व्यापारी आहे, त्याने आठवडे बाजारात येणाऱ्या टेम्पोवाल्यांना विचारून विचारून राजापूरला गाठलं.

राजापूर म्हणजे येवल्याच्या उत्तर-पूर्वेचं, हरणांचं गाव. तिथला हा मुलगा आमच्यात उंच होता, पाढे तोंडपाठ, अक्षर सगळ्यांत सुंदर. संक्रांतीनंतर एका सकाळी त्याची वळकटी दिसली नाही. फोनवर तो मला म्हणाला, ‘मी दहावीचा नाही, मी कशाला येऊ?’ मी त्याला वहीबद्दल सांगितलं. बॅनरवर काय लिहिलंय तेही सांगितलं. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘माझ्या नावापुढं किती खुणा आहेत?’ मी मोजून सांगितल्या. ‘बरोबर आहे,’ म्हणाला. ‘येतो.’

तो मनमाडहून आला. धोतर-टोपी नाही, पॅंट-शर्ट, गळ्याला मफलर, उंची तशीच पण पाठीत किंचित वाकलेला. जेवणं झाल्यावर त्याने सांगितलं. वडील राजापूरहून चालत येवल्यापर्यंत आले होते आणि तिथून एसटीने नाशिकला. रेक्टरांनी वडिलांना समजावलं, फी नको, पुस्तकं देऊ, पोराला राहू द्या. पण घरी गुरं विकून झाली होती, आई आणि मोठी बहीण नालाबंडिंगच्या कामावर जात होत्या आणि हजेरीवर आणखी एक माणूस चढला तर घरात आणखी एक मजुरी येणार होती. उंचीमुळे मुकादमाने वय विचारलंच नाही. मे 1973 मध्ये राज्यभर जवळपास 50 लाख माणसं अशा दुष्काळी कामांवर होती. आम्ही हा आकडा नंतर पुस्तकांत वाचला. त्या आकड्यात आमच्या खोलीतला एकजण होता.

‘खडी फोडायला गेलो,’ तो म्हणाला, ‘पण आठवड्यात हातात वही आली.’ मुकादमाला लिहिता येत नव्हतं. याचं अक्षर बघून त्याने हजेरीपट याच्याकडे दिला. मजुरी ज्याची त्याला मिळायची, म्हणून प्रत्येकाचं नाव लिहावं लागे. बायकांना नाव विचारलं की त्या नवऱ्याचं सांगायच्या, अमक्याची बायको लिही म्हणायच्या. हा ऐकायचा नाही. ‘मी सांगायचो, मावशी, तुझं नाव सांग, नाहीतर पैसे त्याच्या नावाने निघतील. काहीजणींनी आपलं नाव लग्नानंतर पहिल्यांदाच तोंडाने घेतलं.’ चौदा वर्षांचं पोर, आठवी अर्धी सोडून आलेलं, दुपारच्या उन्हात शंभर बायकांची नावं एकेक करून लिहितंय. हे ऐकताना मांडवात कुणी हललं नाही. आम्ही त्या वेळी संचांची उदाहरणं सोडवत होतो.

पुढे तो मनमाडला गेला. तिथं अन्न महामंडळाची मोठी गोदामं आहेत, रेल्वेच्या वाघिणी येतात. जन्मभर त्याने तिथं पोती वाहिली, टोळीचा म्होरक्या झाला, मुलगी शिकवली. ती नर्स आहे. पोतं पाठीवर घेताना सुरुवातीच्या काळात त्याला मिलोची आठवण यायची, म्हणाला. आपल्याकडे ते धान्य कसं आलं असेल ते तिथं कळलं. कुणाच्यातरी पाठीवरून.

मग देवळ्याने वही त्याच्या हातात दिली. राजापूरने चष्मा लावला, पानं सावकाश उलटली आणि उठून उभा राहून जून 1972ची हजेरी घ्यायला लागला. हे ठरलेलं नव्हतं. गावासकट एकेक नाव. मांडवात असलेल्याने ‘हजर’ म्हणायचं. जे वारले त्यांच्यासाठी शेजारी झोपणाऱ्याने म्हटलं. ज्यांचा पत्ता नव्हता तिथं तो थांबायचा, आणि कुणी ना कुणी सांगायचं, त्याच्याबद्दल जे आठवेल ते. हा फार छान शिट्टी वाजवायचा. याच्या पायाला लागलं होतं तेव्हा मी त्याला पाठीवर शाळेत न्यायचो. याने मला पोहायला शिकवलं. माझं नाव आलं तेव्हा मी ‘हजर’ म्हणालो आणि राजापूर वहीवरून वर बघून म्हणाला, ‘विंचूर, डबा आला का रे?’

संध्याकाळी चारच्या सुमाराला मंडळी पांगायला लागली. निघताना राजापूरने कोऱ्या कागदावर वहीतली यादी उतरवून घेतली, तेच अक्षर. ज्यांचा शोध लागायचा आहे त्यांतल्या दोघांचे धागे आता हाताशी आलेत, एक नाशिकरोडला असल्याचं कळलंय. नांदगाव तालुक्यातल्या दोघांचं काहीच समजत नाही. दुष्काळात त्या बाजूची बरीच माणसं मनमाडला कामाला आली होती, तेव्हा गोदामातल्या जुन्या टोळीवाल्यांना विचारून बघतो असं राजापूर म्हणाला. पुढच्या वेळी जमायचं त्याच्या घरी, उन्हाळ कांदा काढून झाला की. मनमाड जंक्शन आहे, सगळ्यांना रेल्वेने येता येईल. तारीख देवळा कळवणार आहे.